सिस्टर का सोडून जातात?

ग्रामीण रुग्णालयांतील परिचर्येविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांत रुग्णालय चालवणारे आहेत, ड्यूटी लावणाऱ्या आहेत आणि नोकरी सोडावी की नाही या विचारात असलेलेही आहेत. विषय बहुतेकांचा एकच आहे : सिस्टर टिकत नाहीत. निवडक पत्रांची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि गावे गाळली आहेत. लहान तालुक्यात एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून काही तपशीलही कमी केले आहेत.

प्रश्न : तालुक्याच्या ठिकाणी माझे ४० खाटांचे रुग्णालय आहे. एकूण १४ सिस्टर आहेत. नवीन मुलींना आम्ही हाताला धरून शिकवतो आणि वर्षभरात त्या नागपूरला किंवा सरकारी भरतीत निघून जातात. पगार वाढवण्याशिवाय दुसरा मार्ग नाही का? (डॉक्टर, यवतमाळ जिल्हा)

पगाराचा मुद्दा आधी घेते, कारण तो टाळून बाकीचा उपदेश करणे बरे दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटा असल्यास सरकारीइतके वेतन, १०० ते २०० खाटांसाठी सरकारीपेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांसाठी फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी दरमहा किमान २०,००० रुपये, असे त्यांचे स्वरूप आहे. आपण शेवटच्या गटात येता. या शिफारशी म्हणजे थेट कायदा नव्हे, हे खरे. पण आकडा इतका जुना होऊनही आजूबाजूच्या किती दवाखान्यांनी तो गाठलेला नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. आपले वेतन त्याहून कमी असेल, तर पुढे मी जे लिहिते आहे त्याचा फारसा उपयोग होणार नाही.

वेतन त्याच्या वर असेल, तर मात्र सरकारी नोकरीशी बरोबरी करण्याचा नाद सोडावा. सरकारी भरतीत निवड झालेली मुलगी जाणारच, आणि तिने जावेच. आपण विचार करायचा तो दुसऱ्या मुलीचा, जी नागपुरातल्या खासगी रुग्णालयात दोन-तीन हजार रुपये जास्त मिळतात म्हणून जाते आणि तेवढेच, किंबहुना त्याहून अधिक, खोलीभाड्यात आणि डब्यात घालवते. महिनाअखेरीस तिच्या हाती आपल्याकडच्यापेक्षा कमीच उरते. तरीही ती गेली असेल, तर ती पैशासाठी गेलेली नाही.

ती कशासाठी गेली, हे आपल्या पत्रातल्या आकड्यांवरून बरेचसे कळते. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची, तर आठवड्याला २१ पाळ्या होतात. एक सिस्टर आठवड्याला ६ पाळ्या करते, म्हणजे कुणी रजाच घेतली नाही असे धरले तरी एका जागेला साडेतीन जणी लागतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांत रजांसाठी ३० टक्के राखीव मनुष्यबळ धरलेले आहे. तेवढे मिळवले की हा आकडा साडेचारवर जातो. आपल्याकडे पुरुष वॉर्ड, स्त्री वॉर्ड, प्रसूतिकक्ष आणि अतिदक्षता असे चार विभाग आहेत असे धरले आणि प्रत्येक ठिकाणी प्रत्येक पाळीला एकच सिस्टर ठेवली, तरी १८ जणी हव्यात. आपल्याकडे १४ आहेत. त्यामुळे एकीला ताप आला की दुसरीला डबल ड्यूटी लागते, तिसरीचा ऑफ रद्द होतो, आणि बहिणीच्या लग्नाची रजा मागणाऱ्या चौथीला ‘आधी बदली शोधून आण’ असे ऐकावे लागते. चौघींची कमतरता चौदाजणी आपल्या सुट्ट्यांतून भरून काढतात, आणि त्यातली एक गेली की उरलेल्या तेराजणींवर पाचजणींचा भार पडतो. राजीनामे एकापाठोपाठ एक येतात त्याचे कारण हे आहे. आपल्याला वाटते तसे मुली एकमेकींना फितवतात म्हणून नव्हे.

त्यात आपल्या भागाचा हंगाम लक्षात घ्यावा लागतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ते आपण विसरला नसाल. ऑरगॅनोफॉस्फेट या प्रकारच्या कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या रुग्णाला ॲट्रोपिन हा उतारा सुरू असताना दर काही मिनिटांनी नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, छातीतले आवाज आणि तोंडातली लाळ तपासावी लागते. असा एक रुग्ण आला की ती सिस्टर त्या खाटेशी बांधली जाते. वॉर्डातले बाकीचे नऊ जण कागदावर तिचे असतात, प्रत्यक्षात कुणाचेच नसतात. खाटांच्या संख्येवर सिस्टर मोजणारी पद्धत ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये म्हणूनच फसते. सर्पदंश, हिवताप आणि डेंग्यूचे रुग्णही याच दिवसांत येतात. या तीन महिन्यांसाठी दोन जणींची तात्पुरती नेमणूक करावी. पूर्वी आपल्याकडे काम केलेल्या आणि आता घरी असलेल्या सिस्टर तेवढ्यापुरत्या यायला अनेकदा तयार असतात.

माणसे वाढवणे हा वायफळ खर्च वाटत असेल, तर एक अभ्यास सांगते. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेकडे सोपवलेल्या रुग्णांत एकाची भर पडली की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी, आणि परिचारिका कामाने पूर्ण खचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली त्यात आढळली. तिथले वॉर्ड आणि आपले वॉर्ड यांत मोठा फरक आहे, पण आपल्याकडे तो फरक सिस्टरच्या बाजूने नाही.

शेवटचे म्हणजे, मुली कुठून घ्याव्यात. ग्रामीण भागात आरोग्य कर्मचारी टिकवण्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना शिक्षणात घेण्यावर भर आहे. दारव्हा, घाटंजी, पांढरकवडा या बाजूच्या एखाद्या बारावी झालेल्या मुलीच्या जीएनएम या परिचर्या पदविकेच्या तीन वर्षांच्या शुल्काचा काही भार आपण उचलला आणि परत आल्यावर राहायला कुलूप लागेल अशी स्वच्छ खोली दिली, तर ती नागपूरची जाहिरात वाचणार नाही असे नाही, पण वाचून लगेच अर्जही करणार नाही.

प्रश्न : मी विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात इंचार्ज सिस्टर आहे. ड्यूटी-चार्ट मी लावते, त्यामुळे सगळ्यांचा राग माझ्यावर असतो. कुणाला सांभाळून घ्यावे तर बाकीच्या म्हणतात, पक्षपात करते. ड्यूटी कशी लावली म्हणजे मुली समाधानी राहतील? (बुलढाणा जिल्हा)

ताई, ड्यूटी लावणाऱ्या बाईवर सगळ्या खूश आहेत असे रुग्णालय मी पाहिलेले नाही. त्या रागावतील, पण कशासाठी रागावतात ते मात्र आपण ठरवू शकतो. चार्टच्या नियमावर रागावलेली मुलगी नोकरीत राहते. चार्ट लावणाऱ्या माणसाच्या मर्जीवर रागावलेली मुलगी जाते.

पहिली गोष्ट, चार्ट केव्हा लागतो? आपल्याकडे तो रविवारी संध्याकाळी लागतो आणि सोमवारपासून लागू होतो, असे आपण लिहिले आहे. याचा अर्थ आपल्या सिस्टरना पुढच्या बुधवारी त्या घरी असतील की वॉर्डात, हे कधीच माहीत नसते. मुलाच्या शाळेची सभा, सासऱ्यांची तपासणी, बँकेचे काम, एवढेच काय, पण माहेरी फोनवर ‘येते’ म्हणणेही त्यांना जमत नाही. चार्ट चार आठवड्यांचा करावा, किमान दोन आठवडे आधी लावावा, आणि त्यात नंतर केलेला प्रत्येक बदल वेगळ्या शाईने, तारीख व कारणासह त्याच कागदावर लिहावा. महिन्याच्या शेवटी तो कागद फाडून न टाकता फाईलला लावावा. कुणाच्या किती नाईट झाल्या, कुणाचे किती ऑफ बुडाले, हे वादाच्या वेळी बोटाने दाखवता आले की पक्षपाताचा निम्मा आरोप तिथेच संपतो. उरलेला निम्मा खरा असेल, तर तोही कागदच दाखवून देईल.

नाईटनंतरच्या ऑफविषयी मला जरा कडक लिहायचे आहे. सलग नाईट संपवून सकाळी साडेआठला घरी पोचलेल्या सिस्टरचा तोच दिवस साप्ताहिक सुट्टी म्हणून मांडण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. तो दिवस झोपेत जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा ड्यूटीवर असते. हिशेबात सुट्टी दिली जाते आणि तिला ती मिळत नाही. नाईट उतरल्याचा दिवस सोडून पुढचा पूर्ण दिवस ऑफ धरावा. पाळ्यांचा क्रमही सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा ठेवावा; रात्रीवरून उलट दुपारवर आणणे शरीराला अधिक जड जाते.

सणांचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. पोळा, महालक्ष्म्या आणि दिवाळी सगळ्यांनाच हवी, अशी समजूत करून घेऊन आपण भांडत बसतो. आपल्या वॉर्डात १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाची रजा हवी असणाऱ्या मुली असतील, ईद हवी असणारी असेल, नाताळ हवा असणारी केरळची किंवा इथलीच एखादी असेल. वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येकीकडून तिला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे तीन दिवस लेखी घ्यावेत, त्यातले दोन नक्की मिळतील असा शब्द द्यावा आणि तो पाळावा. उरलेल्या अदलाबदली मुली आपापसांत करतात; आपण सही करण्यापुरते राहावे.

आणि ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवणे. दुपारची पाळी संपवणाऱ्या सिस्टरला पुढचीला ओव्हर देताना अर्धा तास सहज जातो, तो कुठल्याच हजेरीत धरला जात नाही, आणि तेवढ्यात गावाकडची शेवटची एसटी निघून जाते. पाळ्यांच्या वेळा अर्ध्या तासाने एकमेकींवर येतील अशा ठेवण्याचा प्रस्ताव लेखी द्यावा. ते मान्य होत नसेल, तर निदान रात्री उतरणाऱ्यांना रुग्णालयाच्या गाडीने सोडण्याची मागणी करावी. ज्यांचे गाव दूर आहे त्यांना दुपारची पाळीच देऊ नका, असा सोपा मार्ग कुणी सुचवील. तो स्वीकारू नये, कारण मग त्याच मुलींच्या वाट्याला जास्त नाईट येतात.

प्रश्न : मी जीएनएम आहे. रुजू होताना रुग्णालयाने माझी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली आणि दोन वर्षांच्या बाँडवर सही घेतली. आता सरकारी भरतीची कागदपत्र पडताळणी आहे. ‘५० हजार भर, मग कागद देऊ’ असे सांगतात. मी काय करू? (गोंदिया जिल्हा)

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. बाँड म्हणजे सरसकट बेकायदा, असे समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात किमान सेवेची अट आणि ती मोडल्यास रक्कम भरण्याची तरतूद वैध ठरवली आहे. रुग्णालयाने तुमच्या प्रशिक्षणावर खरोखर काही खर्च केला असेल, तर ते तो मागू शकतात, आणि रक्कम वाजवी आहे की नाही यावर तुम्ही वाद घालू शकता. प्रमाणपत्रे अडवून ठेवणे हा मात्र निराळा विषय आहे. ती तुमची आहेत; येणे वसूल करण्यासाठी गहाण ठेवण्याची वस्तू नव्हेत.

प्रमाणपत्रे परत मिळावीत असा अर्ज आजच करा, पडताळणीची तारीख त्यात लिहा, त्याच्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. तोंडी बोलण्यात आणखी दिवस घालवू नका. उत्तर आले नाही तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, हे आपल्याकडच्या फारच थोड्या सिस्टरना माहीत असते. वकिलाच्या एका पत्राने अशी कपाटे उघडतात. मुख्य म्हणजे, चिडून न सांगता कामावर जाणे बंद करू नका. नोटीस काळ पूर्ण करा, नाहीतर त्यांच्या हाती आयते कारण लागेल.

हे उत्तर वाचणाऱ्या रुग्णालय चालकांनाही एक सांगते. कागद अडकले म्हणून थांबलेली सिस्टर रोज कामावर येते आणि रोज दिवस मोजते. तिच्याकडून चांगल्या परिचर्येची अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

प्रश्न : आम्ही दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिन उत्साहाने साजरा करतो. साडी देतो, केक कापतो, रांगोळी व गायन स्पर्धा घेतो. तरी कर्मचाऱ्यांत आपलेपणा दिसत नाही. आणखी कोणते उपक्रम घ्यावेत? (प्रशासकीय अधिकारी, चंद्रपूर जिल्हा)

उपक्रम पुरेसे आहेत. १२ मे रोजी चंद्रपूरचा पारा कुठे असतो हे आपण जाणता. त्या दिवशी केक कापण्यापूर्वी सिस्टरच्या कपडे बदलण्याच्या खोलीत जाऊन यावे; तिथे कूलर चालू आहे का, पाणी येते का, दाराला आतून कडी लागते का, एवढे पाहावे.

आपलेपणा निर्णयांतून येतो. महिन्यातून एकदा तासभर अधिसेविका, प्रत्येक वॉर्डाची एक सिस्टर आणि आपण बसावे. कोणते साहित्य संपले, कोणते यंत्र बंद आहे, कोणती नोंदवही दोनदा भरावी लागते, एवढ्यावरच बोलावे, इतिवृत्त लिहावे, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या वेळच्या कामांचे काय झाले इथून करावी. सूचनापेटी लावली असेल तर तिची किल्ली कुणाकडे असते, हेही तपासावे. सगळ्यांना हिपॅटायटीस बी लसीच्या तिन्ही मात्रा मिळाल्या आहेत का? सुई टोचली तर रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा, एचआयव्ही प्रतिबंधाचे औषध कुठे ठेवले आहे, हे नाईटच्या सिस्टरला माहीत आहे का? ते औषध जितक्या लवकर तितके बरे, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. आपल्याकडे ५० हून अधिक कर्मचारी आहेत असे पत्रावरून दिसते. म्हणजे पाळणाघराची सोय करणे आपल्यावर बंधनकारक आहे; २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आलेली ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. साडीचे पैसे तिकडे वळवायला सिस्टरची हरकत असेल असे वाटत नाही, तरी त्यांनाच विचारावे.

प्रश्न : मी पुरुष परिचारक आहे, सगळे मला ब्रदर म्हणतात. रात्री रुग्ण दगावला आणि नातेवाइकांनी मला मारले. व्यवस्थापन म्हणते, गावात राहायचे आहे, मिटवून टाका. आता रात्री वॉर्डात जायचे म्हटले की छाती धडधडते. नोकरी सोडावी का? (गडचिरोली जिल्हा)

आपल्यावर झालेला हल्ला हा राज्याच्या कायद्याखाली दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसेविरुद्धच्या या कायद्यात परिचारकही येतात. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड आणि मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई अशी त्यात तरतूद आहे. मिटवायचे की नाही हा निर्णय आपला आहे, पण तक्रार द्यायची ठरली तर ती संस्थेने द्यावी, असा आग्रह धरावा. एकट्या कर्मचाऱ्याला पोलीस ठाण्यात पाठवले की तो गावाच्या नजरेत फिर्यादी होतो आणि संस्था बाजूला राहते.

व्यवस्थापनाला दुसराही एक प्रश्न विचारावा : मृत्यूची बातमी त्या रात्री नातेवाइकांना कुणी सांगितली? बहुतेक ठिकाणी डॉक्टर खोलीत निघून जातात आणि चादर ओढणाऱ्या सिस्टरला किंवा ब्रदरला लोकांसमोर उभे राहावे लागते. ही बातमी डॉक्टरांनीच, बसून, शक्य असल्यास रुग्णाच्या भाषेत सांगावी. गोंडी किंवा माडिया बोलणारा कर्मचारी अशा वेळी सोबत असावा. रात्री एका रुग्णाजवळ एकच नातेवाईक, हा नियम दारावरच्या माणसाने पाळायचा असतो, सलाईन लावणाऱ्याने नव्हे.

नोकरीविषयी लगेच काही ठरवू नये. महिनाभर दिवसपाळी मागून घ्यावी. धडधड आणि झोपेचा त्रास तरीही कमी झाला नाही, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

प्रश्न : सोडून गेलेल्या दोन सिस्टर परत यायचे म्हणतात. घ्यावे का? जुन्या नाराज होतील अशी भीती वाटते. (विश्वस्त, वाशीम जिल्हा)

जरूर घ्यावे. १९८३ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने परिचारिकांचा तुटवडा असतानाही ज्यांना त्या मिळत होत्या आणि टिकत होत्या अशी रुग्णालये शोधली. १६३ पैकी ४१ निवडली आणि तिथल्या परिचारिकांनाच राहण्याची कारणे विचारली. आपल्याकडे परत येणाऱ्या दोघी आणि कधीच न गेलेल्या, या दोन्ही प्रकारच्या सिस्टरना हाच प्रश्न विचारता येईल, आणि उत्तरांसाठी फार लांब जावे लागणार नाही.

वेतन ठरवताना त्यांचा बाहेरचा अनुभव धरावा, पण त्याच वेळी इथेच राहिलेल्यांचे वेतन तपासून घ्यावे. सात वर्षे इथे काढलेल्या सिस्टरपेक्षा दोन वर्षे बाहेर राहून आलेलीला जास्त मिळू लागले, तर पुढचा राजीनामा त्या सात वर्षांच्या सिस्टरचा असेल. नेमणुकीचे पत्र दोघींना रुजू होण्याच्या दिवशीच द्यावे, आणि त्यात पाळ्या, सुट्ट्या, निवास व भविष्य निर्वाह निधी यांचा स्पष्ट उल्लेख असावा.